अथेन्सच्या टेबलावर लाखोळीची बहीण

आई-बाबा भंडाऱ्याहून एप्रिल २०२४ मध्ये तीन महिन्यांसाठी माझ्याकडे म्युनिकला आले तेव्हा बाबांची एकच इच्छा होती, ग्रीस बघायचं. शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली, अथेन्स आणि स्पार्टा फळ्यावर काढून झाले पण डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. आईची एकच काळजी होती, तिथे खायचं काय. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंही नाही, आणि आधीच्या एका ट्रिपला आईने चार दिवस ब्रेड-केळ्यावर काढले होते ते ती विसरली नव्हती. त्यामुळे बॅगेत मेथीचे ठेपले, चटणी, भाजलेला रवा असं सगळं होतं. ठेपले शेवटपर्यंत तसेच राहिले. का ते सांगते.

दिवस पहिला, शुक्रवार १९ एप्रिल

फ्लाइट, मेट्रो सगळं वेळेवर. एअरपोर्टवरून शहरात यायला मेट्रोचं तिकीट ९ युरो, सिंताग्माला गाडी बदलून कुकाकी भागात उतरलो, तिथे आमचा छोटा फ्लॅट होता. बाबा दिवसभर गप्प होते कारण त्याच दिवशी भंडारा-गोंदियाचं मतदान होतं आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा मतदान चुकलं. विमानात त्यांनी दोनदा विचारलं की भारतात आता किती वाजले असतील, मतदान संपलं असेल का.

रात्री प्लाकात गेलो. अॅक्रोपोलिसच्या पायथ्याचे अरुंद बोळ, संत्र्याची झाडं, वर दिव्यात उजळलेला डोंगर, फार सुंदर. एका हॉटेलच्या दारात उभ्या माणसाने हाताला धरून आत नेलं, मी तीनदा विचारलं मटण-चिकन-मासे काही नको, तो म्हणाला नो प्रॉब्लेम, आणि मग आईच्या ताटात द्राक्षाच्या पानात गुंडाळलेले डोल्मादेस आले, वर पांढरा सॉस. बाबांनी काट्याने एक उघडून बघितलं म्हणून बरं झालं, आत खिमा होता. आईने काही न बोलता ताट बाजूला सरकवलं आणि काकडी-टोमॅटो खाल्ले. मला फार वाईट वाटलं, राग पण आला, कारण चुकून झालं असं त्या माणसाच्या चेहऱ्यावर कुठे दिसत नव्हतं. बिलात तेही लावलं होतं.

हे लक्षात ठेवा: डोल्मादेस गरम आणि अंड्या-लिंबाच्या पांढऱ्या सॉससोबत आले तर बहुतेक वेळा आत खिमा असतो. थंड आणि ऑलिव्ह तेलात चमकणारे असतील तर साधारणपणे नुसता भात आणि शेपू-पुदिना. तरी विचारूनच घ्या. आणि तारामोसालाता नावाची मऊ फिक्कट गुलाबी चटणी दिसते ती माशाच्या अंड्यांची असते, रंगावर जाऊ नका.

दिवस दुसरा, शनिवार २० एप्रिल

सकाळी पिरेउस बंदरावरून सॅंटोरिनी बेटाकडे जाणारी फेरी बोट. विमानाने पाऊण तासात जाता येतं पण बाबांना समुद्रातून जायचं होतं, आणि खरंच, फेरीचे सात-आठ तास कसे गेले कळलं नाही. डेकवर वारा इतका की आईने पदर डोक्यावरून घेऊन खोचला.

आमच्या बाकावर एक काळे कपडे घातलेली म्हातारी बाई बसली होती, सोबत तिचा नातू, विशीतला. अकराच्या सुमारास तिने पिशवीतून डबा काढला. अगदी आपल्याकडे एसटीत काढतात तसा, आधी फडकं पसरलं मग डबा ठेवला. आत ऑलिव्ह, थंड डोल्मादेस, पाव आणि एका कागदात राखाडी-पांढरी वडी. तिने डबा आईपुढे धरला आणि म्हणाली "ने, ने!" आईने हात पुढे केला आणि घेतलं. मागाहून नातवाने सांगितलं की ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो, पण आईला वाटलं बाई मराठीत ने म्हणतेय, आणि दोघींचं काम अडलं नाही.

डोल्मादेस बघून आई थबकली, आदल्या रात्रीचं डोक्यात होतं. मी नातवाला विचारलं यात मटण आहे का. तो म्हणाला छे, आजीची साराकोस्ती चालू आहे. म्हणजे ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास. चाळीस दिवस, त्यानंतर ईस्टरचा आठवडाही तसाच. ग्रीक लोक पाळतात तो ऑर्थोडॉक्स पंथाचा ईस्टर त्या वर्षी ५ मेला होता, त्यामुळे आम्ही बरोबर उपवासाच्या मध्यात येऊन पडलो होतो. मांस नाही, मासे नाही, अंडी नाही, दूध-चीज-लोणी काही नाही. कडक पाळणारे बहुतेक दिवस तेलही सोडतात. एरवी वर्षभर बुधवार-शुक्रवार असतोच. पण ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी चालते कारण त्यांना रक्त नसतं असं धरतात. बाबा म्हणाले हे कसं? आई लगेच म्हणाली, "काहून नाही, आपल्याला भगर चालते न् तांदूळ चालत नाही, तसंच." मी भाषांतर केलं, आजीबाई खूप हसली, तिने आईचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

ती वडी म्हणजे हलवा. शब्द हाच, हलवा! तिळाच्या कुटाचा, उपवासाचं गोड. आईने तोंडात टाकला आणि म्हणाली संक्रांत झाली.

उपवासाला चालणाऱ्या पदार्थाला ग्रीकमध्ये निस्तीसिमो म्हणतात. नातवाने फेरीच्या तिकिटामागे ग्रीक अक्षरात लिहून दिलं. आजीबाई वाटेतल्या नाक्सोस बेटावर उतरली, खाली धक्क्यावरून हात हलवत राहिली. ग्रीसला जाणाऱ्या प्रत्येक शाकाहारी माणसाने हा एक शब्द पाठ करावा असं मी मनापासून सांगते. "व्हेजिटेरियन" म्हटलं की समोरचा विचारात पडतो, चिकनचं पाणी चालेल का, चीज चालेल का. "निस्तीसिमो" म्हटलं की विचार करावा लागत नाही, त्याच्या आजीने ते आयुष्यभर केलेलं असतं. फक्त पुढे "ऑक्टोपस, कोळंबी पण नको" एवढं जोडा.

दुपारी साडेतीनच्या आसपास बेट आलं. समोर उभा काळा-तांबडा कडा आणि वर कडेला मीठ सांडल्यासारखी पांढरी गावं. बंदरावरून नागमोडी रस्त्याने बस वर चढते, आईने डोळे मिटून घेतले होते. आम्ही फिरा या बेटावरच्या मुख्य गावाजवळ कार्तेरादोसला राहिलो, कड्यावरच्या हॉटेलांपेक्षा बरंच स्वस्त आणि चालत वीसेक मिनिटं.

दिवस तिसरा, रविवार २१ एप्रिल

हा दिवस बाबांचा असणार होता, झाला आईचा.

सकाळी अक्रोतिरीला गेलो. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला आणि हे आख्खं गाव राखेखाली गेलं, पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मरिनातोस यांनी १९६७ मध्ये खणायला सुरुवात केली. मोठ्या छपराखाली दुमजली घरं, गल्ल्या, दगडी जिने, आणि रांजण. ओळीने मांडलेले रांजण. बाबा एकेका घरापुढे थांबत होते. आमच्या गाइडबाई म्हणाल्या की इथल्या साठवणीत डाळवर्गातल्या दाण्यांचे अवशेष सापडले, आणि त्यातली एक जात आजही या बेटावर पेरतात, तिची फावा, म्हणजे घोटलेली डाळ, होते. मी ऐकून सोडून दिलं.

दुपारी पिरगोस नावाच्या उंचावरच्या गावात जेवायला थांबलो. घरगुती खानावळ, बाई रांधतेय आणि नवरा वाढतोय अशी. मी तिकिटामागचा शब्द दाखवला. काका खुश, आत ओरडून काहीतरी सांगितलं आणि सगळ्यात आधी आली फावा. पिवळीधम्मक, घोटलेली, वर तेलात परतलेला कांदा आणि केपर, म्हणजे एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या. कांदा-केपर घातलेल्या फावाला तिथे लग्न लागलेली फावा म्हणतात, काकांनी दोन बोटं जोडून दाखवलं.

आईने पावाला लावून खाल्ली. मग थांबली. मग नुसती चमच्याने खाल्ली. आणि म्हणाली, "व, ही लाखोळी आहे."

मी म्हटलं आई ही त्यांची वेगळी डाळ आहे. आई म्हणाली मला सांगू नको, मी याच्यावर वाढली. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, लाखोळी म्हणजे लाखेची डाळ. आमच्याकडे धान कापायच्या आधीच बांधीतल्या (धानाच्या खाचरातल्या) ओलीवर बी फेकून देतात, नांगर नाही, पाणी नाही, आपोआप येते. कोवळी पानं खुडून भाजी, मग डाळ, वडे. पण ही गरिबाची डाळ. दुष्काळात लोक महिनोन्महिने फक्त हीच खायचे आणि पाय लुळे पडायचे, म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. घरी खाणारे खातच राहिले, पण सांगत नव्हते.

मी फोनवर शोधलं. फावा ज्या रोपाची, त्याचं शास्त्रीय नाव लॅथिरस क्लिमेनम. लाखोळी लॅथिरस सॅटिव्हस. एकाच कुळातल्या, सख्ख्या म्हणा किंवा चुलत, बहिणी. (नाव फावा असलं तरी बाजारात फावा बीन्स म्हणून मिळतात त्याचा याच्याशी संबंध नाही.)

काकांना सांगितलं तेव्हा ते वाढणं अर्धं टाकून आम्हाला मागच्या तुकड्यात घेऊन गेले. राखाडी भुसभुशीत माती, मध्ये टोपलीसारख्या गोल वळवलेल्या द्राक्षाच्या वेली, वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून तिथे वेल मांडवावर न चढवता जमिनीलगत वळवतात. आणि कडेला फावा, हिरव्या शेंगा धरलेल्या. आई खाली बसली, एक देठ दोन बोटांत धरला आणि मला दाखवला. देठाला दोन्ही बाजूंनी पातळ पट्टी असते, चपटा लागतो हाताला. "बघ. लाखोळीचा देठ असाच असते." तिने एक कोवळं टोक खुडून तोंडात टाकलं. काकांनीही टाकलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

टिप्स पटकन: बेटावर नळाचं पाणी पीत नाहीत, बाटली घ्यावी लागते (अथेन्समध्ये नळाचं बिनधास्त प्या). टेबलावर पाव येतो तो फुकट नाही, माणशी साधारण एखादा-दीड युरो लागतो, नको असेल तर आधी सांगा. शेवटी छोटं काहीतरी गोड किंवा फळ न मागता येतं ते मात्र हॉटेलकडून फुकट, त्याला केरास्मा म्हणतात. आणि पावती न मिळाल्यास पैसे देण्याचं बंधन नाही असं मेनूवरच छापलेलं असतं, म्हणून पावती मागायला लाजू नका.

दिवस चौथा, सोमवार २२ एप्रिल

सकाळी इया, बेटाच्या टोकाचं गाव. निळे घुमट, फोटो, गर्दी. सकाळी आठच्या आत पोचलात तर छान, दहानंतर क्रूझवाले येतात आणि त्या बोळांतून पुढे सरकता येत नाही. संध्याकाळच्या विमानाने अथेन्सला परत. आईच्या पर्समध्ये काकांनी दिलेली मूठभर अख्खी फावा रुमालात बांधलेली.

दिवस पाचवा, मंगळवार २३ एप्रिल

हनुमान जयंती. बाबांचा दिवसभराचा उपवास. सकाळी फ्लॅटमध्येच अंघोळ करून त्यांनी मोबाइलमधल्या मारुतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, स्तोत्र म्हटलं, आणि सोबत केळी-संत्री घेऊन आठच्या स्लॉटला अॅक्रोपोलिसला हजर. तिकीट तेव्हा २० युरो होतं, वेळ ठरवून ऑनलाइन घेता येतं. पार्थेनॉन या पुरातन मंदिरापुढे बाबा उभे राहिले आणि फळ्यापुढे उभं असल्यासारखं सांगायला लागले, इ.स.पू. ४४७ ला काम सुरू, अथेन्सचा पुढारी पेरिक्लिसचा काळ, शिल्पकार फिडियासची देखरेख. शेजारी दोन हिंदी बोलणारी मुलं ऐकत थांबली, मग बाबांनी हिंदीत परत पहिल्यापासून सांगितलं. मतदान चुकल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.

खाली बघितलं तर शहर धुरकट दिसत होतं. दक्षिणेकडून गरम वारा सुटला होता. दुपारपर्यंत आभाळ पिवळं झालं आणि संध्याकाळी पूर्ण नारिंगी. सहाराची वाळू, समुद्र ओलांडून आलेली. फोनवर बातम्या सुरू झाल्या, दम्याच्या लोकांनी बाहेर पडू नये वगैरे. आम्ही बाल्कनीत उभे होतो, समोरची पांढरी घरं, डोंगर, सगळं त्या एका रंगात बुडालेलं. मी जरा घाबरले होते. आईने वर बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "मारोतीच्या दिवशी आभाळानं शेंदूर लावला."

रात्री नऊचं टेबल मी तीन आठवडे आधी बुक केलं होतं. ही जागा पेट्रालोना भागात, टुरिस्ट फार नसतात तिथे. मॉडर्न ग्रीक म्हणतात त्या प्रकारातली, म्हणजे पदार्थ जुने पण करायची-मांडायची रीत नवी. जायचं की नाही असा प्रश्न पडला कारण बाबांना थोडा खोकला होता, पण मास्क लावून टॅक्सीने गेलो. धुळीमुळे फुटपाथवरची टेबलं आत घेतली होती आणि सगळे दाटीवाटीने बसले होते, कोणाची खुर्ची कोणाच्या पाठीला लागतेय, पण त्यामुळे आपोआप बोलणं सुरू होत होतं. उघडं किचन, कोळशाची शेगडी, वेताच्या जुन्या खुर्च्या. मेनू म्हणजे एक पान, रोज बदलतो म्हणून वर तारीख.

वाढणारी मुलगी पंचविशीची. मी म्हटलं निस्तीसिमो, आणि तिने विचारलं तेलासकट की तेलाशिवाय? मला इतकं बरं वाटलं. कुठल्याही युरोपियन हॉटेलात आजवर मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिने पेनने पानावर खुणा केल्या, पंधरापैकी आठ पदार्थ चालणारे निघाले. मी सांगितलं बाबांचा पण आज उपवास आहे, आता सोडायचा आहे. तिने विचारलं कुठल्या संताचा? बाबा म्हणाले, मारुती. समुद्र उडी मारून ओलांडणारा. मी भाषांतर केलं तर ती बाहेरच्या नारिंगी खिडकीकडे बघून म्हणाली, वाळूसारखा. बाबांना हे इतकं आवडलं की तेव्हापासून त्यांनी किमान दहा जणांना सांगितलं असेल.

बाबांनी खिशातला खजूर खाऊन उपवास सोडला आणि मग सुरुवात झाली.

आधी बीट, निखाऱ्यात भाजून सोललेलं, खाली अक्रोड-लसणाची दाट चटणी. लसूण कच्चा, झणका नाकापर्यंत. मग आर्टिचोक आणि कोवळे बाकले, लिंबू आणि भरपूर शेपू, एप्रिलचा खास पदार्थ. आई शेपू कधी आवडीने खात नाही पण इथे तिने मला दुसऱ्यांदा वाढू दिला नाही. मग त्राहाना. फोडलेला गहू आंबवून उन्हात वाळवतात आणि वर्षभर वापरतात, एरवी दुधा-दह्यात करतात पण उपवासाचा वेगळा असतो, दुधाशिवाय, भाज्यांच्या रसातला. इथे तो मऊ शिजवून वर कोळशावरचे मशरूम होते. आंबूस, भाजका वास. आई म्हणाली कुरडयांचा चीक आणि आंबील यांच्या मधलं काहीतरी. खरंच तसं होतं, यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. मी स्वतःसाठी ऑक्टोपस मागवला होता, आई म्हणाली तू खा, त्यांच्या उपवासाला चालते तर.

आणि मग आली फावा, पण वेगळ्या रूपात. थंड झाली की ती घट्ट बसते. त्याच्या जाड वड्या कापून शेगडीवर जाळीचे डाग पडेपर्यंत भाजलेल्या, वर कांद्याचं लोणचं, केपरची पानं आणि हिरवंगार तेल. बाबा पटकन म्हणाले, पाटवडी! विदर्भातल्या माणसाला दुसरं काही सुचणारच नाही. बाहेरून कडक, आत लोण्यासारखी. मी आजवर जे महागडे पदार्थ खाल्ले त्यातला एकही याच्या जवळ येत नाही असं मला वाटतं, आणि हे मी प्रेमात येऊन म्हणत नाहीये, दोन दिवस आधी पिरगोसला खाल्लेली फावा पण उत्तम होती, पण इथे कोणीतरी त्या डाळीवर विचार केला होता. तिचा घट्टपणा, ती बसते कशी, आच कशी घेते, यावर.

आईने मला सांगितलं, त्यांना विचार ही गरिबांची डाळ ना?

मुलगी म्हणाली थांबा, आणि किचनमधून मुख्य स्वयंपाकी आला, चाळिशीचा, हाताला पीठ. तो म्हणाला हो, गरिबांचीच. त्याने सांगितलं की तो शिकला तेव्हा चांगलं हॉटेल म्हणजे फ्रेंच सॉस असं होतं. मग २०१० च्या सुमारास देशात आर्थिक संकट आलं, पगार कापले गेले, त्याचंही काम गेलं. त्याच्यासारख्या बऱ्याच जणांनी मग स्वस्त भाड्याच्या वस्तीत छोट्या जागा घेतल्या आणि हाताशी परवडेल ते शिजवायला लागले, डाळी, रानभाज्या, आजीचे पदार्थ. आजीला ते याया म्हणतात. १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यात असताना अथेन्समध्ये लोक भुकेने रस्त्यावर मेले, त्याची याया तेव्हा लहान होती आणि मूठभर डाळ घरात असणं म्हणजे काय हे ती मरेपर्यंत सांगायची. तो म्हणाला म्हणून ही डाळ माझ्या मेनूवरून कधी निघत नाही, बाकी सगळं बदलतं.

मी म्युनिकमध्ये राहते, जर्मनीत टॅक्स भरते, ते वाक्य आईला सांगताना मी क्षणभर अडखळले. पण त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "माझी आई पाहुणे आले का लाखोळीचं गंज चुलीमागं लपवून ठेवे. तुरीचं वरण पुढं करे. तूर संपली का मग आम्ही महिनाभर लाखोळी." हे मला चाळीस वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं. बाबांनाही नव्हतं सांगितलं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी ते स्वयंपाक्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, छातीवर हात ठेवून आईपुढे किंचित वाकला आणि आत गेला.

शेवटी केरास्मा म्हणून आला रव्याचा हलवा. ऑलिव्ह तेलात भाजलेला, दालचिनी, संत्र्याची साल, बदाम, साच्यातून काढलेला. शिरा! आईने वास घेऊन सांगितलं रवा किती भाजलाय ते. मुलीने प्रमाण सांगितलं, एक-दोन-तीन-चार: एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी, तिथे लहान मुलांनाही पाठ असतं. आईने तिला आपलं सांगितलं, सगळं सव्वा. रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा. मुलीने ते सव्वा म्हणजे काय हे नीट समजून घेतलं आणि ऑर्डरच्या वहीत लिहिलं. हनुमान जयंतीला प्रसादाचा शिरा मिळाला म्हणून बाबांनी पहिला घास कपाळाला लावून खाल्ला.

तिघांचं बिल ७४ युरो, माझ्या वाइनच्या ग्लाससह. स्वस्त नाही, पण प्लाकातल्या त्या पहिल्या रात्रीपेक्षा फक्त नऊ युरो जास्त. अशा जागी जायचं तर बुकिंग हवंच, आणि नऊच्या आधी जाऊ नका, सातला गेलात तर रिकाम्या खोलीत बसाल. पदार्थ मध्ये ठेवून सगळ्यांनी खायचे असतात, तिघांना पाच-सहा पुरतात, एकदम सगळे सांगू नका. साराकोस्ती नसेल तेव्हाही निस्तीसिमो विचारा, डाळी, भाज्या, तेलातले पदार्थ वर्षभर असतात, फक्त त्यांची संख्या कमी होते. टिप सक्तीची नाही, आम्ही आठ युरो ठेवले.

बाहेर आलो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र धुळीमागे तांबूस ठिपक्यासारखा होता. पार्क केलेल्या गाड्यांच्या काचांवर विटकरी थर. आईने एका काचेवरून बोट फिरवलं आणि पुसलं नाही.

दिवस सहावा, बुधवार २४ एप्रिल

सकाळी वारा फिरला होता, आभाळ हळूहळू निवळत होतं, लोक पाइप घेऊन बाल्कन्या धूत होते. फ्लाइट संध्याकाळची, म्हणून एव्रिपिदू रस्त्यावर गेलो, मोठ्या वारवाकिओस बाजाराच्या शेजारीच मसाल्यांची दुकानं. (बाजाराच्या मटण-मासळीच्या भागात आई-बाबांना नेलं नाही, भाजी-फळं रस्त्याच्या पलीकडे आहेत तिथूनच परतलो.) ओरेगॅनोच्या जुड्या दोरीला टांगलेल्या, पहाडी चहाची वाळलेली काडी, पोत्यांत डाळी. सॅंटोरिनीची फावा बाकी डाळींपेक्षा बरीच महाग. आईने भाव विचारला, मी युरोचे रुपये करून सांगितले, तिने परत विचारलं. "लाखोळीचे एवढे?" मग दोन किलो घेतली. नावावर जाऊ नका, पाकिटावर सॅंटोरिनी लिहिलंय ना बघा, कारण नुसती फावा म्हणून दुसरे पिवळे वाटाणेही विकतात.

एअरपोर्टवर बसल्या बसल्या आईने मामाला व्हिडिओ कॉल लावला. तब्येत वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न, यंदा लाखोळी फेकली होती का रे? मामा म्हणाला दोन बांधीत, घरापुरती, काहून? आई म्हणाली माझ्यासाठी पाच किलो ठेव. आणि पाकीट कॅमेऱ्यापुढे धरून त्याला दाखवत बसली.

म्युनिकला परत आल्यावर तिने पहिल्याच रविवारी ती शिजवली. माझ्या ऑफिसातले दोघं जेवायला होते. मी तुरीचं वरणही लावते म्हटलं तर नको म्हणाली. घोटून, कांदा परतून, ताटात सगळ्यात आधी वाढली आणि वर ऑलिव्ह तेलाची धार सोडली. मग चव घेऊन म्हणाली, जवसाचं तेल पाहिजे होतं.